सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही? इंजिन उघडायला 'हो' म्हणण्याआधी हा एक आकडा मागा

चावी फिरवली की सेल्फ जोरात फिरतो. डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, टाकीत पेट्रोल आहे, तरी इंजिन काही केल्या पकडत नाही. चार जण धक्का मारून बघतात, उपयोग होत नाही. शेवटी मेकॅनिक येतो, दोन-तीनदा सेल्फ मारतो आणि निकाल सांगतो, "भाऊ, इंजिन बसलं. खोला लागते."

गाडीमालकासाठी हे वाक्य फार महागात पडणारं असतं. हेड उतरवायचं, रिंग-पिस्टन बदलायचे, बोअरिंग करायचं, नवीन गॅस्केट टाकायचं आणि वर मजुरी द्यायची. वाशिम जिल्ह्यात अनेक घरांमध्ये मोठा पैसा हातात येतो तो सोयाबीन आणि तूर विकल्यावरच. त्यात गाडी जुनी, सेकंड हँड घेतलेली असेल, तर कधी कधी दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊन पोहोचतो.

पण इंजिन खरंच बसलंय का, हे नुसत्या अंदाजाने ठरवायची गरज नसते. त्यासाठी कॉम्प्रेशन गेज नावाचं साधं उपकरण मिळतं. पेट्रोल गाडीत त्याने तपासणी करायला बहुतेक वेळा तासभरही लागत नाही आणि इंजिन उघडावंही लागत नाही. प्रत्येक सिलिंडरचा एक आकडा मिळतो आणि त्या आकड्यांवरून आजार कुठे आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

हे आकडे कसे काढतात, कसे वाचतात आणि ते कधी फसवतात, ते समजून घेऊया.

कॉम्प्रेशन म्हणजे नेमकं काय?

सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून धरा आणि दांडा आत ढकला. हवा दाबली जाते, अंगठ्यावर जोर येतो आणि पंपाची नळी थोडी गरम लागते. इंजिनच्या सिलिंडरमध्ये हेच घडतं, फक्त फार वेगाने.

निकोलाउस ऑटो या जर्मन माणसाने १८७६ साली बनवलेलं चार स्ट्रोकचं इंजिन आजही आपल्या पेट्रोल गाड्यांमध्ये त्याच तत्त्वावर चालतं. पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोल आत ओढतो. मग वर येताना ते मिश्रण दाबतो. त्यानंतर प्लगची ठिणगी पडते, स्फोट होतो आणि पिस्टन खाली फेकला जातो. शेवटी जळालेला धूर सायलेन्सरकडे ढकलला जातो. यातली दाबण्याची पायरी म्हणजे कॉम्प्रेशन.

पेट्रोल इंजिनमध्ये साधारणपणे मूळ जागेच्या नवव्या ते अकराव्या भागात हे मिश्रण दाबलं जातं. डिझेल इंजिनमध्ये हे प्रमाण पंधरा ते बावीसपट असतं, कारण तिथे प्लगची ठिणगीच नसते. दाबलेली हवा इतकी तापते की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून कॉम्प्रेशन कमी झालं तर पेट्रोल गाडी कुरकुरते, आणि डिझेल गाडी बऱ्याचदा सरळ नकारच देते.

हा दाब टिकायला सिलिंडर चारही बाजूंनी बंद असावा लागतो. खालून पिस्टनच्या रिंगा, वरून इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि ब्लॉक व हेड यांच्या मधलं गॅस्केट. यातल्या कुठूनही हवा निसटली की दाब कमी होतो. त्यामुळे 'कॉम्प्रेशन गेलं' हा काही एक आजार नाही. ते तापासारखं लक्षण आहे. ताप मलेरियाचा की सर्दीचा, हे न बघता कोणी ऑपरेशन करत नाही. इंजिनचंही तसंच आहे.

आधी सोप्या गोष्टी तपासा

पेट्रोल गाडी सुरू व्हायला चार गोष्टी लागतात: पेट्रोल, ठिणगी, पुरेसा दाब आणि या तिन्हींची अचूक वेळ. कॉम्प्रेशनवर संशय घेण्याआधी बाकीच्या गोष्टी तपासणं स्वस्त पडतं.

पहिली बॅटरी. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा जोडणी सैल आहे. सेल्फ हळू फिरला तर इंजिन धडधाकट असूनही सुरू होणार नाही.

दुसरं पेट्रोल. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोन-तीन सेकंद पंपाची बारीक घरघर ऐकू येते का? नसेल तर फ्यूज, रिले किंवा पंप तपासायचा.

तिसरी ठिणगी. हे काम मेकॅनिकला स्पार्क टेस्टर लावून करू द्या. नवीन गाड्यांतला करंट हाताने खेळण्यासारखा नसतो.

चौथी गोष्ट बरेच जण विसरतात. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडीच्या चोरीविरोधी यंत्रणेने चावी ओळखलेली नाही. अशा वेळी सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही. इंजिनचा यात काही दोष नसतो.

कानाला काय ऐकू येतं?

जुने मेकॅनिक नुसत्या आवाजावरून निदान करतात, आणि त्यामागे शास्त्र आहे. चांगल्या इंजिनचा सेल्फ लयीत फिरतो. प्रत्येक सिलिंडर दाबाला आला की सेल्फला थोडा जोर लागतो, म्हणून 'रंव-रंव-रंव' असा एकसारखा ताल ऐकू येतो.

एखाद्या सिलिंडरमध्ये दाब नसेल तर ताल तुटतो. दोन-तीन ठोके जड आणि एक हलका. सगळ्याच सिलिंडरमध्ये दाब नसेल तर ताल उरतच नाही. सेल्फ नेहमीपेक्षा वेगाने, शिलाई मशीन रिकामी चालवल्यासारखा सरळ फिरत राहतो. असा आवाज आला की पहिला संशय टायमिंग बेल्टवर घ्यायचा.

नवीन गाड्यांमध्ये हीच युक्ती स्कॅनरही वापरतो. सेल्फ फिरताना कोणत्या ठोक्याला वेग किती कमी झाला किंवा करंट किती ओढला, यावरून सिलिंडरची आपापसात तुलना करता येते. पण नक्की आकडा हवा असेल तर गेजला पर्याय नाही.

वाशिमच्या रस्त्यावर कॉम्प्रेशन जातं कसं?

इंजिनची झीज सगळीकडे होते. पण इथल्या गाड्यांच्या वाट्याला काही खास कारणं येतात.

*धूळ.* वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कोणताही तालुका घ्या. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मळणीयंत्राचा भुसा आणि पांदण रस्त्याची बारीक माती हवेत असते. एअर फिल्टर फाटलेला किंवा नीट न बसलेला असेल तर ही माती थेट सिलिंडरमध्ये जाते आणि ऑइलमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखं काम करते. रिंगा आणि बोअर हळूहळू घासले जातात.

*तापलेलं इंजिन.* समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी पूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. गावातल्या गावात चाळीसच्या वेगाने फिरणारी जुनी गाडी इथे मे महिन्याच्या दुपारी तासन् तास शंभराच्या वर पळवली जाते. रेडिएटर अर्धा चोंदलेला, कूलंटच्या जागी नळाचं पाणी, पंखा कधी चालतो कधी नाही. मग काटा लाल रेषेवर जातो, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि गॅस्केट फुटतं.

*टायमिंग बेल्ट.* मारुती ८०० आणि अल्टो ८०० या दोन्ही गाड्यांच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडर इंजिनात रबरी टायमिंग बेल्ट असतो. अनेक गाड्यांत त्याऐवजी चेन असते. बेल्टला ठरावीक आयुष्य असतं. सेकंड हँड गाडी घेताना तो शेवटचा कधी बदलला हे विक्रेत्यालाही सहसा माहीत नसतं. बेल्ट तुटला किंवा दाते सरकले की व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडे राहतात आणि दाब तयारच होत नाही.

*पाणी.* पावसाळ्यात पैनगंगेला आणि नाल्यांना पूर आला की छोट्या पुलांवरून पाणी वाहतं. त्यातून गाडी घातली आणि एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं तर पिस्टन पाण्यावर आदळतो. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ अजिबात मारू नये. आधी प्लग काढून आतलं पाणी बाहेर काढावं लागतं.

टेस्ट कशी करतात?

पेट्रोल गाडीची कॉम्प्रेशन टेस्ट तुम्ही स्वतः केली नाही तरी चालेल. पण ती बरोबर होते आहे का, हे उभं राहून बघता यायला हवं. चुकीच्या पद्धतीने घेतलेला आकडा हा आकडा नसल्यापेक्षा वाईट असतो.

१. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. नसेल तर दुसऱ्या चांगल्या बॅटरीची जोड द्यावी.

२. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला.

३. पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढायचा आणि इग्निशन कॉइलचे कनेक्टर सोडवायचे. नाहीतर उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि जवळच ठिणगी उडते. आग लागायला एवढं पुरेसं आहे.

४. सगळे स्पार्क प्लग काढायचे, फक्त तपासायच्या सिलिंडरचा नाही. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवायचे. कोणता ओला, कोणता काळा, कोणता ऑइलने माखलेला, यावरूनही बरंच कळतं.

५. गेज पहिल्या सिलिंडरच्या भोकात घट्ट बसवायचं.

६. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, म्हणजे हवेला आत यायला वाट मोकळी राहते. हे विसरलं तर चांगल्या इंजिनचाही आकडा कमी येतो.

७. सेल्फ मारून त्या सिलिंडरचे पाच-सहा ठोके होऊ द्यायचे आणि आकडा लिहून घ्यायचा. पहिल्या ठोक्याला काटा कुठे गेला तेही बघायचं. मग पुढचा सिलिंडर, तितकेच ठोके.

इंजिन गरम असेल तर आकडे जास्त खरे येतात. पण सुरूच न होणारी गाडी गरम कशी करणार? त्यामुळे थंड इंजिनवर टेस्ट करावी लागते आणि आकडा थोडा कमी येईल हे धरून चालावं लागतं.

आकडे कसे वाचायचे?

बहुतेक पेट्रोल गाड्यांमध्ये निरोगी सिलिंडर साधारण १५० ते २०० पीएसआय दाखवतो. नक्की आकडा त्या त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. १०० च्या खाली गेलेल्या सिलिंडरमध्ये मिश्रण नीट पेटणं अवघड होतं.

इथे एक गंमत आहे. वाशिम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाबच समुद्रकिनाऱ्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. म्हणजे मॅन्युअलमध्ये १८० लिहिलं असेल आणि गेजवर १७० दिसलं, तर घाबरायचं कारण नाही.

एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक जास्त बोलका असतो. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यात १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. सर्वात जास्त १७० असेल तर सर्वात कमी १४५ च्या आसपास तरी हवा.

आता काही उदाहरणं बघूया.

*१६५, १६०, ६०.* तीन सिलिंडरची गाडी, तिसऱ्यात आजार. व्हॉल्व्ह जळालेला असू शकतो किंवा रिंग तुटलेली.

*१७०, ७०, ६५, १७०.* चार सिलिंडरची गाडी, शेजारचे दोन कमी. हा जवळजवळ हेड गॅस्केटचा सहीशिक्का आहे. दोन्ही सिलिंडरच्या मधली पट्टी फुटली की एकाची हवा दुसऱ्यात जाते.

*०, ०, ०, ०.* चारही सिलिंडरच्या रिंगा एकाच दिवशी जात नाहीत. टायमिंग बेल्ट किंवा चेन तपासा.

*८०, ८५, ८०, ८५.* सगळे सारखेच कमी. इथे घाई करू नये. कारण जुनी झीज असू शकते, टायमिंगचा एखादा दाता सरकलेला असू शकतो, टेस्ट चुकलेली असू शकते, किंवा पुढे सांगितलेला 'खोटा आजार' असू शकतो.

*१६५, १७०, १६०, १६५.* इंजिनला काहीही झालेलं नाही. पेट्रोल, ठिणगी आणि वायरिंगकडे परत जा.

यात आणखी एक महत्त्वाचा मुद्दा आहे. चारपैकी एकच सिलिंडर गेला तर गाडी सहसा सुरू होते. थरथरते, ताकद कमी पडते, पण सुरू होते. त्यामुळे गाडी मुळीच सुरू होत नसेल आणि कोणी 'एक व्हॉल्व्ह गेलाय' एवढंच कारण देत असेल, तर ते कारण अपुरं आहे. व्हॉल्व्ह गेलाही असेल, पण गाडी सुरू न होण्याचं कारण दुसरं असण्याची शक्यता मोठी आहे. हेडचं काम करून घेतल्यावरही गाडी सुरू होत नाही, असे प्रसंग यातूनच येतात.

चमचाभर ऑइलची टेस्ट

आकडा कमी आला. आता हवा खालून निसटते की वरून, हे कसं कळणार? त्यासाठी 'ओली टेस्ट' करतात.

प्लगच्या भोकातून कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये साधारण एक चमचा, म्हणजे पाच मिलीच्या आसपास, इंजिन ऑइल टाकायचं. सेल्फ थोडा फिरवून ते पसरू द्यायचं आणि पुन्हा आकडा घ्यायचा. ऑइल रिंगांभोवतीची फट थोडा वेळ बुजवतं.

आकडा चांगला वाढला, समजा ७० चा १२० झाला, तर हवा रिंगांमधून जात होती. आकडा तसाच राहिला तर रिंगांचा दोष नाही. मग व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

खर्चाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. व्हॉल्व्ह आणि गॅस्केटचं काम हेड उतरवून होतं. रिंगांसाठी पिस्टन बाहेर काढावे लागतात, बोअर मोजावा लागतो आणि काम खालपर्यंत जातं. फक्त हेडचं काम लागणार असताना अख्खं इंजिन बांधून घेणं, किंवा रिंगा गेलेल्या असताना नुसतं हेड करून घेणं, दोन्हीत पैसे वायाच जातात.

डिझेल गाडीत मात्र ही ऑइलची टेस्ट करू नये. तिथे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा फार कमी असते आणि दाब प्रचंड असतो. टाकलेलं ऑइल पेटू शकतं किंवा पिस्टनच्या वाटेत अडथळा होऊन नुकसान होऊ शकतं.

हवा कुठून निसटते, तेही ऐकू येतं

याहून पक्की तपासणी म्हणजे लीक-डाऊन टेस्ट. पिस्टन दाबाच्या टोकाला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी आणायचा आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची. किती टक्के हवा निसटते हे गेज सांगतं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर छान, वीस-तीस टक्क्यांच्या वर गेली तर बिघाड नक्की.

पण खरी मजा कान लावण्यात आहे. हवेची सुसू ऑइल भरायच्या तोंडातून येत असेल तर रिंगा. सायलेन्सरमधून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर फिल्टरच्या बाजूने येत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह. आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडा गेलेलं हेड. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडायचं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं.

गॅस्केटची आणखी एक खूण घरीच बघता येते. ऑइलच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा मळकट थर दिसला, तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे.

'खोटा आजार': धुतलेले सिलिंडर

आता त्या प्रकाराकडे येऊ, ज्यात धडधाकट इंजिनला 'बसलेलं' ठरवलं जातं.

समजा, गाडी फक्त अंगणातून बाहेर काढून धुतली आणि दोन मिनिटांत परत आत लावली. किंवा थंडीच्या सकाळी सुरू होईना म्हणून वीस-पंचवीस वेळा सेल्फ मारला. अशा वेळी थंड इंजिनमध्ये जास्तीचं पेट्रोल फवारलं जातं, पण ते जळत नाही. ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळतं आणि भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन टाकतं. रिंगा आणि भिंत यांच्यातली हवाबंद जोड या ऑइलच्या थरामुळेच पक्की होते. तो गेला की दाब पडतो, दाब पडला की गाडी सुरू होत नाही, मग आणखी सेल्फ मारला जातो आणि आणखी पेट्रोल आत जातं.

या अवस्थेत टेस्ट केली तर सगळ्या सिलिंडरचे आकडे कमी येतात आणि प्लग पेट्रोलने ओले दिसतात. ऑइल टाकलं की आकडा उसळी मारतो. म्हणजे पुस्तकाप्रमाणे निदान होतं 'रिंगा गेल्या'. प्रत्यक्षात रिंगा ठणठणीत असतात.

ओळखायचं कसं? एक प्रश्न विचारायचा: गाडी बंद पडायच्या आदल्या दिवशी कशी चालत होती? ओढ चांगली होती, निळा धूर नव्हता, ऑइल कमी होत नव्हतं आणि एका रात्रीत चारही सिलिंडरचा दाब गेला, असं रिंगांच्या झिजेने घडत नाही. झीज महिनोन् महिने लक्षणं दाखवत येते.

उपाय साधा आहे. प्लग काढायचे, पेट्रोलचा फ्यूज काढून सेल्फ थोडा फिरवायचा म्हणजे आतलं पेट्रोल बाहेर पडेल. तासभर उघडं ठेवून सुकू द्यायचं. जवळपास विडी-सिगारेट नको. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून, पुन्हा सेल्फ फिरवून, सुके प्लग लावून गाडी सुरू करायची. सुरू झाल्यावर थोडा वेळ पांढरट-निळा धूर येतो, कारण टाकलेलं ऑइल जळत असतं. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल आणि फिल्टर बदलून घ्यावेत.

बेल्ट तुटला असेल तर

अनेक इंजिनांत ऑइल भरायच्या तोंडातून टॉर्च मारला की वरचा कॅमशाफ्ट किंवा रॉकर दिसतो. दुसऱ्या कोणाला क्षणभर सेल्फ मारायला सांगायचं. खाली इंजिन फिरतंय आणि वर काहीच हलत नाही, तर बेल्ट किंवा चेन गेली. त्यानंतर पुन्हा सेल्फ मारायचा नाही.

काही इंजिनांची रचना अशी असते की बेल्ट तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना लागत नाहीत. तिथे नवीन बेल्ट टाकून टायमिंग जुळवलं की काम होतं. काहींमध्ये पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. तुमचं इंजिन कोणत्या प्रकारचं आहे हे आधी विचारा. पहिल्या प्रकारात हेड उतरवायचं कारणच नसतं.

डिझेल गाडीचं गणित वेगळं

बोलेरो, जुनी इंडिका किंवा स्विफ्ट डिझेल अशा गाड्यांमध्ये निरोगी कॉम्प्रेशन साधारण ३५० ते ४५० पीएसआय असतं. पेट्रोलचं गेज इथे चालत नाही, ते फुटू शकतं. डिझेलसाठी जास्त क्षमतेचं वेगळं गेज आणि हीटर प्लग किंवा इंजेक्टरच्या जागी बसणारं ॲडॉप्टर लागतं. टेस्टच्या आधी डिझेलचा पुरवठा तोडावा लागतो.

थंडीत पहाटे सुरू न होणारी आणि दुपारी पटकन सुरू होणारी डिझेल गाडी बघितली की आधी हीटर प्लग आणि बॅटरी तपासा. तिथे सगळं ठीक असेल तर कॉम्प्रेशन. धक्का दिल्यावर किंवा ट्रॅक्टरने ओढल्यावर सुरू होणं ही कमी कॉम्प्रेशनची जुनी खूण आहे. इंजिन वेगाने फिरलं की हवेला निसटायला वेळ कमी मिळतो आणि दाब थोडा जास्त तयार होतो. पण कमजोर बॅटरीची गाडीही धक्क्यानेच सुरू होते. त्यामुळे ही खूण एकटी पुरेशी नाही.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

मेकॅनिक फसवतोच असं नाही. अनेकदा त्याच्याकडे गेज नसतं, किंवा अनुभवावर त्याचा भरवसा असतो आणि तो बरोबरही निघतो. पण पैसे तुमचे आहेत, म्हणून हे चार प्रश्न नम्रपणे विचारायला हरकत नाही:

– प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती आलं? आकडे कागदावर लिहून द्याल का?
– टेस्ट करताना सगळे प्लग काढले होते का, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला होता का?
– ऑइल टाकून पुन्हा आकडा घेतला का? किती वाढला?
– टायमिंग तपासलं का?

या गॅरेजमध्ये गेज नसेल तर टेस्टपुरती दुसऱ्या गॅरेजची मदत घ्या. पेट्रोल गाडीचं साधं गेज काही फार महाग वस्तू नाही. गावातल्या तीन-चार गाडीमालकांनी मिळून एक घेऊन ठेवलं तरी चालण्यासारखं आहे.

काम करायचं ठरलं तर खर्चाचा अंदाज लेखी घ्या, काढलेले जुने पार्ट परत मागा आणि पक्कं बिल घ्या. पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे 'सेवा' आहे. त्यात त्रुटी राहिली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. लिहून घेतलेले आकडे आणि बिल हाच तिथे तुमचा पुरावा असतो.

सेकंड हँड गाडी घेतानाही

सोयाबीनचे पैसे हातात आले की अनेकांच्या घरी जुनी गाडी घ्यायचा विचार सुरू होतो. तेव्हा रंग, टायर आणि सीट कव्हर सगळे बघतात. इंजिन बघायचं म्हणजे 'आवाज मस्त आहे' एवढ्यावर भागवलं जातं. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवलेली असेल तर थकलेलं इंजिनही पटकन सुरू होतं.

म्हणून गाडी बघायला सकाळी जा, बोनेटला हात लावून इंजिन थंड आहे याची खात्री करा आणि मगच सुरू करायला सांगा. सौदा पक्का करण्याआधी तुमच्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. विक्रेता 'त्याची काय गरज' म्हणाला तर शांतपणे विचार करा. ज्याच्या गाडीचं इंजिन चांगलं आहे, त्याला त्या आकड्याची भीती वाटायचं कारण नसतं.